पंचाहत्तर रुपयांचे यश

महिना 75 रुपये आणि निदान वीस वर्षे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी ज्या अटींवर शिक्षकी पत्करली, त्यांतल्या या दोन. सुरुवातीला वेतन याहूनही कमी होते; पुढे ते 75 वर आले आणि बराच काळ तिथेच राहिले. जानेवारी 1880 मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघाले, 24 ऑक्टोबर 1884 ला संस्था स्थापन झाली आणि 2 जानेवारी 1885 ला फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. तेव्हा मुंबई इलाख्यात पदवीधर फार नव्हते. सरकारी खात्यात किंवा वकिलीत याच्या कितीतरी पट कमाई या मंडळींच्या आवाक्यात होती, आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर तर सरकारी शाळेतली नोकरी सोडून आले होते. आगरकरांनी एम.ए.च्या सुमारास आईला लिहिलेले पत्र मराठी वाचकाला शाळेपासून माहीत असते. मुलगा मोठ्या परीक्षा पास होतो आहे म्हणून मोठ्या पगाराची स्वप्ने पाहू नकोस, पोटापुरते मिळवून उरलेला वेळ इतरांच्या हितासाठी घालवायचे ठरवले आहे, असा त्याचा आशय. ही सगळी कथा आपण त्यागाची म्हणून सांगतो. मला मात्र ती हिशेबाची वाटते. नोकरीतले स्वतःचे यश कशात मोजायचे, हे त्यांनी काम सुरू करण्याआधी ठरवले आणि त्याला रक्कम व मुदत दोन्ही जोडली. पुढे त्यावरून ते कडाकडा भांडले, हे तर आणखी उपयोगाचे ठरले.

आज त्याच पुण्यात नोकरीतले यश मोजायची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. पॅकेज किती, ऑनसाइट मिळाली का, फ्लॅट बुक झाला का, मुलगा किंवा मुलगी एकदाची सेटल झाली का. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या कंपन्यांत वर्षातून एकदा अप्रेझल होते आणि त्यातला आकडा ज्याच्या त्याच्या मनात पुढचे बारा महिने बसून राहतो. आपल्याला किती टक्के हाईक मिळाली यापेक्षा शेजारच्याला किती मिळाली, हे अधिक बोचते. या धबडग्यातून सुटका म्हणून एक सल्ला हल्ली सर्रास दिला जातो: यशाची व्याख्या तुमची तुम्ही करा. सल्ला चुकीचा नाही, पण तो अर्ध्यावर सोडलेला आहे. ही व्याख्या कधी करायची, ती किती दिवस चालते, ती पाळली जाते की नाही हे कोण पाहणार आणि तिचा खर्च कोण उचलणार, यावर सल्ला देणारे गप्प असतात. या चार प्रश्नांची उत्तरे नसतील, तर स्वतःची व्याख्या म्हणजे फक्त एक मनःस्थिती उरते. चांगला दिवस गेला की आपण यशस्वी, वाईट गेला की अपयशी.

बाहेरून दिसणारी कारकीर्द आणि ती जगणाऱ्याला आतून दिसणारी कारकीर्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समाजशास्त्राला नवीन नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एव्हरेट ह्यूज यांनी 1937 मध्येच हा भेद मांडला होता. पुढे 1997 मध्ये एमी रेझ्नेव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 196 कर्मचाऱ्यांना विचारले की तुम्ही तुमच्या कामाकडे कसे पाहता: पोटापाण्याची नोकरी म्हणून, वर चढत जाण्याची शिडी म्हणून, की ज्यासाठी आपण आहोत असे वाटते ते काम म्हणून. उत्तरे साधारण समसमान तीन भागांत विभागली गेली. त्याहून लक्षवेधी गोष्ट अशी की कार्यालयीन साहाय्यकाच्या एकाच प्रकारच्या पदावर असलेल्या 24 जणांतही हीच तिहेरी विभागणी दिसली. म्हणजे पद तेच आणि काम जवळपास तेच असूनही मोजपट्टी तीन तऱ्हांची. तेव्हा आतली मोजपट्टी ही केवळ मोठ्या पदांवरच्या, पोट भरलेल्या लोकांची चैन आहे, हा आक्षेप निदान पूर्णपणे खरा नाही.

पण म्हणून पगार आणि हुद्दा यांना गौण ठरवायची घाई नको. पैशाने सुख मिळत नाही, हे वाक्य व्यासपीठावर छान वाटते. पुरावा तितका सोपा नाही. डॅनियल काहनेमन आणि अँगस डीटन यांनी 2010 मध्ये अमेरिकेतल्या आकडेवारीवरून असे मांडले होते की वर्षाला सुमारे 75,000 डॉलरच्या पुढे उत्पन्न वाढले तरी रोजच्या जगण्यातले समाधान फारसे वाढत नाही. (पंचाहत्तर हा आकडा पुन्हा इथे यावा हा निव्वळ योगायोग.) हा निष्कर्ष जगभर गाजला. पुढे मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांना उलटे दिसले, आणि 2023 मध्ये काहनेमन यांनी त्यांच्याच बरोबर बसून दोघांची माहिती पुन्हा तपासली. निष्पन्न असे झाले की बहुतेकांचे समाधान उत्पन्नाबरोबर वाढतच राहते. जे मुळात दुःखी आहेत त्यांच्याच बाबतीत एका टप्प्यानंतर ते थांबते. हुद्द्याचेही तसेच. ब्रिटिश सनदी नोकरांच्या ज्या दीर्घ पाहणीशी मायकेल मार्मट यांचे नाव जोडले गेले आहे, तिच्यात हुद्दा जितका खालचा तितका मृत्यूचा धोका जास्त, अशी सरळ उतरंड दिसली. आणि त्या पाहणीत भुकेकंगाल कुणीच नव्हते. तेव्हा बाहेरची मोजपट्टी खोटी आहे, असे म्हणून चालणार नाही. आजीव सदस्यांनीही तसे म्हटले नव्हते. त्यांच्या अटींत वेतनाचा आकडा होता, पुढच्या निवृत्तिवेतनाचीही सोय होती. पैसा नको असे ते म्हणाले नाहीत. किती पैसा पुरेसा, हे त्यांनी ठरवले. या दोन भूमिकांत मोठे अंतर आहे.

आता त्यांच्या भांडणाकडे येऊ, कारण सगळा मसाला तिथेच आहे. काही रुपयांच्या वेतनवाढीवरून सदस्यांत मतभेद झाले, सामाजिक सुधारणेवरून टिळक आणि आगरकर यांच्यात फाटले, 1887 मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. पण संस्था सोडताना टिळकांनी जो मुद्दा पुढे केला तो वेगळा होता. आजीव सदस्याने आपली सगळी शक्ती संस्थेला द्यावी, बाहेरच्या कामांत ती वाटू नये आणि बाहेरची कमाईही करू नये, असे त्यांचे म्हणणे. जेझुइट पाद्र्यांची शिस्त त्यांच्या डोळ्यांपुढे होती. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की नेमून दिलेले काम चोख केल्यावर उरलेला वेळ ज्याचा त्याचा. त्यात कुणी पुस्तक लिहील, कुणी सार्वजनिक काम करील. आजीव सदस्य असलेल्या गोखल्यांनी 1890 मध्ये सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले आणि ते तात्कालिक निमित्त झाले. टिळकांनी ऑक्टोबरमध्ये राजीनामा दिला आणि डिसेंबरमध्ये त्याची सविस्तर कारणे लिहून दिली. आयुष्याचे म्हणून मानलेले ध्येय सोडताना होणारी वेदना त्या लेखनात लपलेली नाही.

या वादाला आजच्या हिंजवडीत मूनलायटिंग म्हणतात. 2022 मध्ये प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठीही काम करताना आढळलेल्या 300 कर्मचाऱ्यांना काढल्याचे विप्रोने सांगितले, तेव्हा कंपन्यांत, समाजमाध्यमांवर आणि वर्तमानपत्रांत हाच प्रश्न उसळला होता: पगार देणाऱ्याचा माझ्या किती तासांवर हक्क? फरक इतकाच की 2022 चा वाद मालक आणि नोकर यांच्यातला होता, तर 1890 चा वाद ज्यांनी मिळून अटी बांधल्या त्यांच्यातला. म्हणून तो अधिक कडवट झाला आणि अधिक स्पष्टही. कागदावर काही लिहिलेले नसते, तर टिळक नुसते नाराज राहिले असते, कुढत शिकवत राहिले असते. पुण्यातल्या किती संस्थांत अशी कुढणारी माणसे वर्षानुवर्षे खुर्च्या अडवून बसली असतील, ते त्या त्या संस्थांना माहीत. लिहिलेल्या अटी होत्या म्हणून आपले नेमके कुठे बिनसले आहे, ते टिळकांना बोट ठेवून दाखवता आले आणि बाहेर पडता आले.

पुढे काय झाले पाहा. टिळक ‘केसरी’ आणि ‘मराठा’ घेऊन राजकारणात गेले. आगरकर कॉलेजातच राहिले, ऑगस्ट 1892 मध्ये प्राचार्य झाले आणि 17 जून 1895 ला, दम्याने जर्जर होऊन, अवघ्या 38 व्या वर्षी गेले. गोखल्यांनी आपली मुदत निभावली. 1902 मध्ये फर्ग्युसनमधून निवृत्त झाले तेव्हा ते 36 वर्षांचे होते, आणि त्याच वर्षी ते केंद्रीय विधिमंडळात गेले. इथवर इतिहासाच्या पुस्तकात असतेच. मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. 12 जून 1905 ला गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला तेव्हा सदस्यांसाठी सात प्रतिज्ञा घातल्या. त्यांतली एक अशी की संस्था देईल त्या तरतुदीत सदस्याने समाधान मानावे आणि आपल्या शक्तीचा कोणताही अंश स्वतःसाठी पैसा मिळवण्यात खर्च करू नये. पंधरा वर्षांपूर्वी ज्या अटीच्या विरुद्ध बाजूला गोखले उभे होते, जवळपास तीच अट त्यांनी आपल्या नव्या संस्थेच्या पायात घातली. याला कुणी विसंगती म्हणेल. मी याला व्याख्या पिकत जाणे म्हणेन. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला आपल्याला काय हवे ते कळत नाही, हा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो बरोबर आहे. पण न कळण्यावर उपाय म्हणजे ठरवायचेच नाही, असे नव्हे. मुदत घालून ठरवायचे, मुदत संपली की पुन्हा ठरवायचे.

याच संस्थेतले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचे उदाहरण दुसऱ्या एका गैरसमजाला उत्तर देते. 1899 मध्ये केंब्रिजच्या गणित परीक्षेत ते सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. बाहेरच्या मोजपट्टीवर त्या काळात याहून उंच खूण नव्हती. आणि हा माणूस परत आला तो फर्ग्युसनमध्ये, आजीव सदस्यांच्या ठरलेल्या वेतनावर, कारण तसे आधी कबूल केले होते. लोक हळहळले. पण पुढे ते दीर्घकाळ प्राचार्य राहिले, मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री झाले, लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू झाले, ऑस्ट्रेलियात भारताचे उच्चायुक्त झाले. आपल्या काळातले जयंत नारळीकर 1972 मध्ये केंब्रिज सोडून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि 1988 पासून पुण्यात आयुका उभारण्यात गढून गेले. आधी आपली अट पाळली म्हणून बाहेरचे यश हातचे जातेच, असे नाही. जाऊ शकते, हेही तितकेच खरे. र. धों. कर्व्यांना संततिनियमनाच्या प्रचारापायी प्राध्यापकी सोडावी लागली आणि 1927 पासून 1953 पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवताना त्यांच्या वाट्याला खटले, टवाळी आणि ओढग्रस्त आली. जिवंतपणी कुणी त्यांना यशस्वी म्हटले नसेल. अशी उदाहरणे वगळून केलेला युक्तिवाद खोटा ठरेल.

इथे एक बोचरा आक्षेप येतो. प्रत्येकाने आपापली व्याख्या करायची ठरवली तर अपयशी कुणीच राहणार नाही. जिथे बाण लागला तिथे वर्तुळ काढायचे आणि नेम साधला म्हणायचे. बढती हुकल्यावर मला मुळात मॅनेजर व्हायचेच नव्हते, असे सांगणारी माणसे प्रत्येक कार्यालयात भेटतात, आणि त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, तेही ठेवत नाहीत. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच आधी ठरवण्यावर आणि चार माणसांना माहीत असण्यावर माझा भर आहे. एकट्याने मनात केलेली व्याख्या मन पाहिजे तेव्हा बदलते आणि बदलल्याचा पत्ताही लागू देत नाही. आजीव सदस्यांनी ती एकमेकांसमोर केली होती. मोडली की कुणीतरी विचारणार होते. टिळकांनी तसे विचारलेही. हे सुखाचे नव्हते, पण त्यामुळे आपण ठरवले होते काय आणि करतो आहोत काय, यांतले अंतर कुणाला झाकता आले नाही. आजच्या नोकरदाराला अशी संस्था नसते, हे खरे. पण एखादा जुना सहकारी, भाऊ-बहीण, नवरा-बायको यांच्यापाशी आकडा आणि मुदत बोलून ठेवणे एवढे तर जमण्यासारखे आहे. बोलताना संकोच वाटतो तोच आकडा खरा असण्याची शक्यता जास्त.

सगळ्यात जड आक्षेप मात्र वेगळाच आहे आणि तो या शहराच्या इतिहासातूनच उठतो. पंचाहत्तर रुपयांत समाधान मानायला आधी पंचाहत्तर रुपये मिळण्याची खात्री लागते. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अक्षरओळख होती, ज्यांना पुण्यात राहायला जागा आणि टेकायला नातलग होते, त्यांना मोठा पगार नाकारणे शक्य होते. ज्यांना शाळेचे दार बंद होते त्यांनी काय नाकारायचे? 1882 मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी नेमके हेच दाखवले. सरकारचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो आणि रयतेच्या प्राथमिक शिक्षणाकडे दुर्लक्ष होते, असे त्यांचे म्हणणे होते. स्वतः फुल्यांची कारकीर्द तर आजीव सदस्यांच्या अगदी उलट घडणीची. ते व्यवसायाने कंत्राटदार होते. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीशी त्यांचा संबंध होता, खडकवासला धरणासारख्या बांधकामांची कंत्राटे त्यांनी घेतली, 1876 पासून काही वर्षे ते नगरपालिकेचे सदस्य होते. धंद्यात पैसा मिळवणे आणि तो शाळांवर, सत्यशोधक समाजाच्या कामावर खर्च करणे यांत त्यांना विरोध दिसला नाही. समाजाचे काम करायचे तर गरिबीचे व्रत घेतलेच पाहिजे, ही कल्पना त्यांना कधी शिवली असेल असे वाटत नाही. आजच्या पुण्यातही घरातली पहिली पदवी घेऊन, वडिलांच्या नावावरचे कर्ज डोक्यावर घेऊन जो मुलगा कंपनीत लागतो, त्याच्यासाठी पगाराचा आकडा हेच यश आहे, आणि ते परके किंवा उसने यश नाही. त्याला पैशापलीकडे पाहायचा उपदेश करणे मला उद्धटपणाचे वाटते.

पण फुले या युक्तिवादाला मोडत नाहीत, उलट रुंद करतात. पुरेसे किती, हा आकडा सगळ्यांचा सारखा असण्याचे काही कारण नाही. कुणासाठी तो संस्थेचे वेतन असेल. कुणासाठी घरावरचे कर्ज फिटणे, बहिणीचे शिक्षण पूर्ण होणे, गावाकडे पक्के घर बांधून होणे असेल. प्रश्न आकडा लहान की मोठा हा नाहीच. आकडा आहे की नाही, हा आहे. कर्ज फिटले, बहीण शिकली, घर झाले, आणि तरीही दरवर्षी त्याच घालमेलीने अप्रेझलची वाट पाहिली जाते, तेव्हा गरज कधीच संपून गेलेली असते. चालू राहते ती फक्त मोजणी, आणि ती मोजणी कंपनीच्या तक्त्यावर चालते. इथे एक कबुली द्यायला हवी: कामाचे तास आणि कामाचा भार माणूस ठरवत नाही, कंपनी ठरवते. रात्री अकराला कॉल लागत असेल, तर स्वतःच्या यशाची व्याख्या करून तो बंद होत नाही. ते काम कायद्याचे आणि कर्मचाऱ्यांच्या एकजुटीचे आहे.

मुदतीचा प्रश्न पुण्यात सर्वांत तीव्र दिसतो तो सदाशिव, नारायण, शनिवार पेठांतल्या अभ्यासिकांत. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेली हजारो मुले-मुली इथे खाटेपुरत्या जागेत राहतात, मेसचे जेवतात आणि राज्यसेवेची, केंद्राच्या नागरी सेवेची तयारी करतात. नागरी सेवा परीक्षेला दरवर्षी दहा लाखांच्या आसपास अर्ज येतात आणि निवड होते साधारण हजार जणांची. 2023 च्या परीक्षेतून 1016 जण निवडले गेले. या मुलांच्या यशाची व्याख्या पक्की आहे, ती त्यांची स्वतःची आहे, गावातल्या सगळ्यांना माहीत आहे. तरीही ती अनेकांना खाऊन टाकते, कारण तिच्यात मुदत नाही. मुदत आयोगाची आहे: केंद्रात खुल्या प्रवर्गाला 32 वर्षे आणि सहा प्रयत्न, राज्यसेवेला तर 38 वर्षांपर्यंत संधी. ही वयोमर्यादा सरकारने आपल्या सोयीने ठरवलेली, कुणाच्या आयुष्याकडे पाहून नव्हे. पण उमेदवार तीच आपली मुदत धरतो आणि प्लॅन बीचा विचार म्हणजे आधीच हार मानणे असे समजतो. आजीव सदस्यांना वीस वर्षांनंतर मानाने मोकळे होता येत होते. धोंडो केशव कर्वे 1891 मध्ये फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला आले, 1914 मध्ये निवृत्त झाले आणि 1916 मध्ये, 58 व्या वर्षी, महिला विद्यापीठ काढून बसले. पहिला करार संपल्यावर दुसरा करण्याइतकी उमेद त्यांच्यात उरली होती. दहा वर्षे एकाच परीक्षेच्या दारात बसलेल्या मुलात ती उरत नाही.

कर्व्यांचे नाव निघाले की शेवटचा प्रश्न टाळता येत नाही: खर्च कुणाचा? 1896 मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम सुरू केला, 1900 मध्ये तो हिंगण्याला नेला, प्राध्यापकी सांभाळून ते रोज पायी तिकडे जात. घरातली शिल्लक आश्रमात गेली, विम्याची पॉलिसीही आश्रमाला दिली गेली. ही बाजू सगळ्यांना माहीत आहे. 1958 मध्ये, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. दुसरी बाजू त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांच्या ‘माझे पुराण’ या आत्मकथनात आहे. संसार कसा ओढला, पैशाची चणचण काय होती, नवऱ्याच्या ध्येयापायी घरात काय काय कमी पडले, ते त्यांनी कसलाही आडपडदा न ठेवता सांगितले आहे. नवऱ्याच्या कामाविषयी त्यांना आदर होता, त्या स्वतः त्या कामात होत्या, तरी बिल कुणाच्या नावावर फाटले, हे त्या विसरत नाहीत. पंचाहत्तर रुपयांत घर चालवायचे काम आजीव सदस्यांनी केले नाही. ते त्यांच्या घरातल्या बायकांनी केले, आणि अटी ठरवताना त्यांना कुणी विचारले नव्हते. एकोणिसाव्या शतकातल्या त्या सुंदर करारातली मला सगळ्यात मोठी वाटणारी त्रुटी ही आहे.

त्याच शहरात शंभर वर्षांनी झालेली दुसरी एक वाटणी त्याच्याशेजारी ठेवून पाहावी. अनिल अवचट आणि सुनंदा अवचट दोघेही डॉक्टर. अनिल अवचटांनी डॉक्टरकी सोडून लिहायचे आणि समाजात हिंडून पाहायचे ठरवले. सुनंदा येरवड्याच्या मनोरुग्णालयात नोकरी करत राहिल्या आणि त्या पगारावर घर चालले. मुलींचे संगोपन, स्वयंपाक यांतला वाटा अवचटांनी उचलला आणि हे सगळे त्यांनी आपल्या लेखनातून उघडपणे सांगितले. वाटणी दोघांनी बोलून केलेली होती, गरजा कमी ठेवण्याचेही दोघांनी मिळून ठरवले होते. आणि जी नोकरी बाहेरून पाहणाऱ्याला नवऱ्याच्या लेखनासाठी केलेली तडजोड वाटली असती, तिच्यातूनच 1986 मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले, त्याच रुग्णालयाच्या आवारात, सुनंदा यांच्या पुढाकाराने. पगारासाठी केलेले काम आणि ज्यासाठी आपण आहोत ते काम यांच्यातली भिंत त्यांनी पाडली. आज पुण्यात दोघेही कमावतात अशी असंख्य घरे आहेत. त्या घरांत एकाला ऑनसाइट मिळाली की दुसऱ्याने नोकरी सोडायची, लेकरू झाले की एकाची वाढ थांबायची, एकाने स्टार्टअप काढला की दुसऱ्याने गृहकर्जाचा हप्ता भरायचा, अशा वाटण्या रोज होतात. बहुतेक वाटण्यांत थांबणारी बाईच असते आणि बहुतेक वाटण्या न बोलता होतात. त्यामुळे दहा वर्षांनी जेव्हा एकाचा सत्कार होतो, तेव्हा दुसऱ्याने नेमके काय दिले होते आणि ते कधी परत मिळायचे होते, याचा कुठलाच कागद घरात सापडत नाही.